रविवारचा धूर

६ जानेवारी

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण या लॉजच्या खोलीत आडवं व्हायला पलंग सोडून जागा नाही. तेव्हा बसल्या जागीच हात जोडते.

फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि मी काहीही विचारलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणता, म्हणून कागद घेतला. चाळीस वर्षं त्या यांत्रिक घणाशेजारी उभं राहिल्यावर कान दुसरं काय करणार! पत्र मात्र तुम्ही दोनदा वाचता, हे मला ठाऊक आहे.

काम असं आहे. तुमचे बोल्ट समुद्रापलीकडे ज्या देशात जातात तिथे सीमेवर नवा कर बसलाय. माल बनवताना हवेत किती कार्बन गेला ते विचारतात आणि त्या हिशेबाने तिथला घेणारा कर भरतो. आपण आपला खरा आकडा दिला नाही, तर ते त्यांच्या पुस्तकातला ठोकळ आकडा धरतात. तो बघितला तर वाटावं, हा माणूस बोल्ट बनवत नाही, रोज एक जंगल जाळतो. मग घेणारा म्हणतो, नको रे बाबा, दुसऱ्याकडून घेऊ. तुमचा चारातले तीन हिस्से माल त्या एकाच गिऱ्हाइकाला जातो. म्हणजे हा नुसता कागदी खेळ नाही मामा, तुमच्याकडच्या बेचाळीस माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.

हेच मी सध्या गावोगाव शिकवत फिरते. आठवड्याला एक गाव. सगळीकडे तसंच सभागृह, त्याच निळ्या खुर्च्या, तोच पाण्याचा जग. सकाळी जाग आली की पहिली पाच मिनिटं गाव कुठलं ते कळत नाही. मी तशीच पडून राहते. तेवढ्या वेळात मला नेहमी वाटतं की मी घरीच आहे, आणि खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसतंय. मग पडदा सरकवते तर समोर पाण्याची टाकी असते.

फॉर्म सोबत जोडलाय. बघून घाम फुटेल, पण घाबरू नका, भरणार मी आहे. सळया ज्या पोलाद कारखान्यातून येतात त्यांचा आकडाही आपल्याच माथी येतो, तो मी मागवलाय. तुम्ही एवढंच करा: भट्टीच्या धुराड्यातून रोज काय आणि किती बाहेर जातं त्याची वहीत नोंद ठेवा. एकही दिवस चुकवू नका. तीन आठवड्यांनी वही पाठवून द्या.

आई कशी आहे? फोनवर हल्ली लवकर दमते. दोन वाक्यं बोलते आणि "बरं, ठेवते" म्हणते. तुम्ही शेजारी आहात म्हणून मी निर्धास्त फिरते.

तुमची,
ठमी


२८ जानेवारी

चि. ठमीला आशीर्वाद. जेवलीस का?

वही पाठवतो आहे. एकवीस दिवस, एकही खाडा नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मधली काही पानं इथे निवांत उतरवून देतो. बाकीचं तुझं तू लाव.

७ जानेवारी, बुधवार. सकाळी साडेसात. काळा, दाट. समोरच्या शिंप्याच्या गच्चीपर्यंत गेला आणि तिथे बसून राहिला. दुपारी पातळ.

९ जानेवारी, शुक्रवार. कोळसा ओला आला. धूर पांढरट, जड, वर जायचं नाव घेईना. अंगणात फिरला, मग दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, ये बाबा, बस.

११ जानेवारी, रविवार. बारीक, सुतासारखा, सरळ वर. वारा नाही.

१४ जानेवारी, बुधवार. घणाचा पट्टा तुटला, काम बंद, भट्टी चालू. धूर दोनदा गोल फिरून उत्तरेला गेला. वर बघत बसलो. पट्टा कधी जोडून झाला ते कळलंच नाही.

१८ जानेवारी, रविवार. बारीक. पाचला निळसर झाला आणि संपला.

२२ जानेवारी, गुरुवार. धुकं पडलं. त्यातलं धुकं कुठलं आणि आपला धूर कुठला ते ठरवता येईना. दोन्ही लिहून ठेवलं, सरकारला काय हवं ते घेऊ दे.

२५ जानेवारी, रविवार. बारीक.

"किती" या रकान्यात मी हाताच्या मापाने लिहिलंय. धुराड्याच्या तोंडाशी दीड हात जाड, शिंप्याच्या गच्चीवर चार हात, असं. मिस्त्री मला म्हणतो, "मालक, उन्हात डोकं उघडं ठेवून वर बघत बसू नका, लोक विचारतात." विचारू देत. एवढी वर्षं धूर केला, पण त्याच्याकडे बघितलं आत्ता पहिल्यांदा. तुझा हा कर कुणी काढला असेल तो माणूस मनाने चांगला असावा.

ताई ठीक आहे. दुपारभर खिडकीत बसून धूर बघते. म्हणजे आता आम्ही दोघं भावंडं एकाच नोकरीला लागलो.

मामा


४ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. हसून हसून पोट दुखतंय, आणि हसू माझं मलाच येतंय. चूक माझी. वर्गात शंभरदा सांगते की सूचना स्पष्ट लिहा, आणि स्वतःच्या मामाला लिहिलं, धुराड्यातून काय जातं त्याची नोंद ठेवा!

अहो, धूर नव्हे, कोळसा मोजायचा होता. रोज भट्टीत किती किलो कोळसा पडला, तेवढंच. त्यावरून आकडा काढता येतो. ज्यावर कर आहे तो वायू डोळ्यांना दिसतच नाही. तुम्ही जो बघत बसलात तो नुसती काजळी आणि वाफ.

तरी तुमची वही मी वर्गात वाचून दाखवली. समोर एक सिमेंटवाले, दोघं ॲल्युमिनियमवाले, एक खतवाले आजोबा. आधी सगळे हसले, मग पेनं खाली ठेवून ऐकायला लागले. ते आजोबा मधल्या सुट्टीत येऊन म्हणाले, "बाई, ती धुक्याची ओळ परत वाचा." त्या दुपारी बसमध्ये माझा डोळा लागला तर स्वप्नात तुमचा धूर सभागृहात येऊन निळ्या खुर्च्यांवर बसला होता. मी त्याला फॉर्म समजावून सांगत होते आणि तो मान डोलावत होता.

असो. आता कामाचं. पोलाद कारखान्याचा आकडा आला, चांगला आहे. अडतंय ते आपल्या कोळशावर. मामा, भट्टी काढून टाका. विजेवर सळई तापवायचं यंत्र मिळतं. तांब्याच्या गुंडाळीत सळई घातली की अर्ध्या मिनिटात लाल होते. ना कोळसा, ना राख, ना धूर. हप्त्यांवर मिळतं, मी चौकशी केली आहे. गिऱ्हाइकाने जी मर्यादा घातली आहे, तिच्या खाली आपण आरामात येऊ. कोळशावर राहिलो तर कितीही घासाघीस केली तरी वरच राहू.

तोवर पाट्या मोजून कोळसा लिहा. आणि पाटीत किती किलो मावतो तेही काट्यावर बघा, अंदाजे नको.

एक विचारायचं राहिलं. रविवारी कारखाना बंद असतो ना? मग तिन्ही रविवारी धूर कसला?

ठमी


१३ फेब्रुवारी

चि. ठमी,

आशीर्वाद. वाचून दाखवलीस ते ठीक, पण त्या खतवाल्या आजोबांना सांग, धुक्याची ओळ फुकट नाही, एक गोणी खत पाठवा.

पाटी काट्यावर ठेवली. मिस्त्री भरतो ती तेवीस किलो, मी भरतो ती अठरा. चाळीस वर्षं मी समजत होतो की दोघांची सारखीच असते. म्हातारपण असं काट्यावर कळतं. आता रोज वजन करून लिहितो आहे, कागद सोबत.

यंत्राचं म्हणशील तर नको. एक तर त्यात लोखंडाचा रंग दिसत नाही. मला रंग बघून कळतं, सळई कधी काढायची ते. दुसरं, वीज जाते. तिसरं, धुराडं बंद दिसलं की गाव म्हणेल, याचं दिवाळं निघालं. चौथं, मला नको. मालक मी आहे.

रविवारचं काय घेऊन बसलीस! भट्टी पूर्ण गार पडली की आतल्या विटा तडकतात, म्हणून दोन पाट्या टाकून ऊब ठेवतो. तुला पुस्तकातलं कळतं, विटांचं नाही.

ताई ठीक.

मामा


२२ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. तुम्ही रागावलात तर रागवा, पण आज मी भाची म्हणून कमी आणि पडताळणी करणाऱ्यांच्या जागी बसून जास्त लिहिते आहे.

या गावच्या वर्गात तुमच्यासारखेच तीन भट्टीवाले होते. त्यांना विचारलं. तिघंही शनिवारी भट्टी विझवतात आणि सोमवारी हळूहळू पेटवतात. विटा कुणाच्याही तडकत नाहीत. त्यातला एक तर म्हणाला, "बाई, दोन पाट्यांनी भट्टीला ऊब राहत नाही, नुसता धूर होतो." म्हणजे विटांची गोष्ट तुम्ही मला रंगवून सांगितलीत.

मग मी आपली डोकं चालवत बसले. मामा, रविवारी तुम्ही दुसऱ्या कुणाचा माल चोरून काढून देता का? कुणाच्या भिडेला पडलात का? तो माल या फॉर्ममध्ये नाही. पडताळणीवाला येईल, कोळशाचा आणि मालाचा मेळ बसवेल आणि मला विचारेल. मी काय सांगू? माझ्या सख्ख्या मामाने मलाच खोटं सांगितलं म्हणून?

गिऱ्हाइकाचं पत्र आलंय. ३१ मार्चपर्यंत एकतर मर्यादेखालचा आकडा द्या, नाहीतर भट्टी बदलल्याची यंत्राच्या ऑर्डरसकट योजना द्या. दोन्ही नसेल तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या कारखान्याला. साध्या दोन ओळींच्या कागदावर तुमची सही हवी आहे, पण त्या सहीखाली तुमची बेचाळीस माणसं उभी आहेत. मिस्त्रींच्या हाताला आता या वयात कोण काम देणार?

बाबा असते तर त्यांनी तुम्हाला चार गोष्टी सुनावल्या असत्या. तुमच्या भट्टीवर त्यांनी जन्म काढला. ते गेले तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, "ठमे, माझ्यापासून काही लपवू नकोस, मीही लपवणार नाही." मला फार वाईट वाटलंय मामा. सरळच सांगते.

ठमी


१ मार्च, रविवार

ठमे,

तुझं पत्र चारदा वाचलं. मिस्त्रीला बाहेर घालवून वाचलं. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत. मी भट्टीसमोर स्टुलावर बसून लिहितो आहे. कारखान्यात चिटपाखरू नाही. दोन पाट्या टाकल्या आहेत आणि वर एक ओलं पोतं, म्हणजे धूर जास्त निघतो. तुझा तो भट्टीवाला बरोबर म्हणाला, नुसता धूर होतो. मला नुसता धूरच हवा असतो.

ऐक आता. तुझी आई मधूनमधून विसरते असं मी तुला म्हणालो होतो. मधूनमधून नाही पोरी. तिला आता मधूनमधून आठवतं.

तिच्या खिडकीतून धुराडं दिसतं ते तुला माहीत आहे. दाजी भट्टीवर होते तेव्हा धूर पातळ झाला की ती चहाचं आधण ठेवायची. धूर थांबला की दहा मिनिटांत माणूस दारात. तेवढं मात्र तिच्या डोक्यात पक्कं राहिलंय. बाकी सगळं पुसलं, दाजी जाऊन अकरा वर्षं झाली तेही पुसलं. धूर दिसला की ती म्हणते, "कामावर आहेत." आणि निवांत बसते. गालावर हात ठेवून, अशी हसत हसत. मी कधी तिच्या शेजारी बसतो, तर मलाही वाटायला लागतं की दाजी खालीच आहेत, आत्ता घाम पुसत वर येतील.

गेल्या वर्षी एका रविवारी भट्टी बंद होती. सकाळपासून धूर नाही. हिला वाटलं, काहीतरी झालं. चपला घातल्या आणि निघाली शोधायला. एक चप्पल तिची, एक माझी. आम्ही दिवसभर गाव पालथं घातलं. दोन थांबे सोडून बसच्या बाकावर सापडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "भट्टीवाले दिसले का हो?" पाय सोलवटलेले. मला बघून म्हणाली, "तुम्ही कोण? यांना कुठे नेलंत?" सख्खा भाऊ मी, साठ वर्षांचा. रस्त्यात उभा राहून रडलो.

त्या दिवसापासून रविवारी दोन पाट्या. संध्याकाळी पाचला विझू देतो. धूर पातळ झाला की ती आधण ठेवायला उठते, मी हळूच गॅस बंद करतो. आधण विसरते, निजते. सोमवारी परत धूर.

आता तूच सांग, यंत्र आणून रोजचाच धूर बंद करू? ती रोज चपला घालेल. कोळसा वाईट, मला कळतं. माणसं उघड्यावर येतील, तेही कळतं, मिस्त्रीचं तोंड बघून रोज कळतं. पण सही करायला हात उचलत नाही. रंग दिसत नाही वगैरे सगळ्या बाता होत्या.

तुला का सांगितलं नाही? अजून थोडं कळत होतं तेव्हा तिनेच शपथ घातली. "ठमीला सांगू नकोस, नोकरी सोडून येईल. तिला मोठं काम मिळालंय, फिरू दे." मग ती शपथ घातल्याचं विसरून गेली. मला विसरता येईना.

चोरीचा माल काढत नाही मी. एवढं मात्र लागलं मला.

मामा


६ मार्च

मामा,

माफ करा. चोरीच्या मालाचं लिहिलं ते खोडून टाका.

पत्र वर्ग सुटल्यावर उघडलं. सगळे गेले होते. निळ्या खुर्च्यांमध्ये बसून किती वेळ रडले देव जाणे. शिपाई आला, दिवे बंद करायचं सोडून त्याने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि निघून गेला. फोनवर आई "बरं, ठेवते" म्हणायची आणि मला वाटायचं दमली असेल. ती बिचारी कुणा परक्या बाईशी किती वेळ बोलणार?

आता माझं ऐका, मधे बोलू नका.

रविवारचा कोळसा मी फॉर्मवर लिहिला आहे. लपवला नाही. जो कोळसा मालासाठी जळला नाही तो वजन करून वेगळा दाखवता येतो. तिथे कारण लिहावं लागतं. मी खूप वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं: "मालासाठी नाही. घरच्या माणसासाठी." पडताळणीवाल्याने विचारलं तर त्याला तुमचं पत्र वाचून दाखवीन.

पण रोजचा कोळसा जायलाच हवा. बेचाळीस घरांना आपल्या खिडकीची किंमत भरायला लावणं आईलाही पटलं नसतं, शुद्धीत असती तर तिनेच तुम्हाला पहिली शिवी घातली असती. यंत्राची ऑर्डर आजच द्या, योजनेचा कागद मी आजच पाठवते. यंत्रवाल्यांकडे बारा दिवस जाऊन शिकावं लागतं. तुम्हीच जा, तुमच्याइतकं लोखंड कुणाला कळतं?

आणि आईजवळ मी राहते. रजा नव्हे, पुढचं काम तिथूनच करीन म्हणून कळवलंय. हो म्हणाले तर बरं, नाही म्हणाले तरी येणार आहे. शपथ तुमची होती, माझी नाही. बुधवारी पोहोचते. पहिला बिनधुराचा दिवस माझ्यावर सोडा.

ठमी


१९ मार्च

चि. ठमीला आशीर्वाद. जेवलात का दोघी?

इथे सगळी पोरंसोरं शिकायला आली आहेत, मी एकटा आजोबा. गुरुजी माझ्या नातवाच्या वयाचे. यंत्राचा आवाज अजिबात होत नाही म्हणतात. मला काय, मला घणही आताशा तसाच वाटतो.

एक कबूल करतो. सळईचा रंग दिसतो. उघड्यावर, गुंडाळीच्या मधोमध, आधी जांभळट, मग चेरीसारखा, मग नारिंगी. धूर मधे नसल्यामुळे कधी नव्हे इतका स्वच्छ दिसतो. मी बघतच राहिलो. दाजींना दाखवायला हवा होता, असं आलं मनात. मग म्हटलं, मीही ताईसारखाच व्हायला लागलो की काय.

यंत्र बसवायला जागा हवी म्हणून आज भट्टी कायमची विझवायची ठरली होती. विझवलीत का? मिस्त्री रडला असेल, दाखवणार नाही. ठमे, माझा जीव तिथे अडकलाय. शिकवलेलं अर्धं डोक्यात शिरत नाही. ताई निघाली तर? तुला एकटीला आवरेल का? नाहीच आवरली तर दोन पाट्या टाक. आकडा गेला खड्ड्यात. तू फक्त लगेच लिही.

मामा


२२ मार्च, रविवार

ती. मामा,

नमस्कार. आधी तुमच्या जीवाला घोर नको म्हणून सांगते. काल गिऱ्हाइकाचं पत्र आलं. योजना मान्य, पुढच्या वर्षीचं काम आपल्याकडेच. मिस्त्रींना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बरं झालं," आणि उगाचच अंगण झाडायला लागले. पडताळणीवालेही येऊन गेले. घरच्या माणसाच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, वर खिडकीकडे बघितलं आणि पान उलटलं.

आता आईचं.

भट्टी गुरुवारी विझवली. गुरुवारी दिवसभर राखेतून थोडा थोडा धूर येत राहिला. शुक्रवारी सकाळी आकाश अगदी मोकळं. मी इतकं मोकळं आकाश आपल्या घरातून कधी बघितलं नव्हतं. आई खिडकीत उभी राहिली. मग म्हणाली, "धूर नाही." आणि चपला शोधायला लागली.

मामा, मी अडवलं नाही. तिच्या चपला तिला दिल्या, जोडीच्या दिल्या, आणि माझ्याही घातल्या. आल्यापासून ती मला ओळखत नाही. कुणीतरी बाई मदतीला आली आहे असं समजते, आणि मोठ्या अदबीने वागते माझ्याशी. मी म्हटलं, "मीही येऊ?" म्हणाली, "या ना. दोघींनी शोधलं तर लवकर सापडतील."

निघालो. तुम्ही मला एक सांगितलं नव्हतं. सगळ्या रस्त्याला माहीत आहे. आईने शिंप्याला विचारलं, "भट्टीवाले दिसले का हो?" तर त्याने मशीन थांबवली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "आत्ताच पुढे गेले की, ताई." किराणावाला म्हणाला, "पुढच्या वळणावर दिसले." औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "घाईत होते." असे आम्ही सगळ्यांच्या बोटांच्या दिशेने चालत राहिलो. खरं सांगते, बसच्या थांब्यापाशी पोहोचेपर्यंत मीही वळणावळणावर मान उंच करून बघायला लागले होते. वाटायचं, त्या गर्दीत राखेने माखलेला शर्ट आत्ता दिसेल.

थांब्याच्या बाकावर बसलो. आई दमली होती, पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाबांचं सांगत राहिली. कामावरून आले की आधी कान पुसतात. रागावले की जास्त हळू बोलतात. हे मला माहीतच नव्हतं मामा. अकरा वर्षांत तिने मला बाबांचं इतकं कधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी पुन्हा गेलो. आज पुन्हा. तुम्ही दोन पाट्यांचं म्हणालात, पण आता नको. ती वर्षभर खिडकीत वाट बघत बसली. चालत शोधते तेव्हा निदान हसते, बोलते, आणि घरी येऊन पोटभर जेवते.

आज बाकावर बसलो होतो तेव्हा तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "पोरी, रोज माझ्याबरोबर येतेस. तुझंही कुणी हरवलंय का?"

मी तिच्या पायातल्या चपलांकडे बघितलं. मग म्हटलं, "हो. आई."

"अगं बाई! कशी दिसते?"

मी सांगितलं. ठेंगणी आहे. हनुवटीवर तीळ आहे. विनोद सांगताना शेवट यायच्या आधी स्वतःच हसते. मला चपला घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. आई लक्ष देऊन ऐकत होती, एकेक खूण मनात ठेवत असल्यासारखी मान हलवत होती. एकदा तिने हनुवटीवरून हात फिरवला, पण तो नुसता फिरवला.

"बघितल्यासारखी वाटते," ती म्हणाली. मग उठली, पदर खोचला आणि माझा हात घट्ट धरला.

"चल. आधी तुझी आई शोधू. आमचे हे काय, मोठे आहेत, येतील त्यांचे ते."

ठमी